मोरलचं नाव कुणी घेत नव्हतं

१

कान मिठात घालून आला होता.

आमच्याकडे तशीच पद्धत आहे. विम्याची म्हैस मेली की बिल्ला लावलेला कान कापायचा, मीठ चोळायचं आणि पिशवीत बांधून भूजच्या कचेरीत पोचवायचा. "बिल्ला नाही तर भरपाई नाही," हे मी बन्नीच्या गवताळ रानातल्या प्रत्येक वांढीत, गुराख्यांच्या वस्तीत, खाटेवर बसून, त्यांचंच ताक पीत इतक्यांदा सांगितलंय की मी लांबून दिसलो तरी बायका एकमेकींना तेच ऐकवून हसतात. मी जुसब. विम्याचा एजंट, आणि त्याच गवतात वाढलेला. आमच्या माणसांवर कुणी संशय घेतला की माझं डोकं फिरतं.

त्या दिवशी ज्योत्स्नाबेन अंताणींनी तो कान खिडकीपाशी नेला आणि उजेडात धरला. बेन आधी गुरांच्या डॉक्टर होत्या. नोकरी संपल्यावर कंपनी अवघड दावे त्यांच्याकडे पाठवायला लागली. बेन चष्मा गळ्यात लटकवतात, चहा बशीत ओतून पितात आणि बोलतात कमी.

"नंबर जुळतो," मी म्हणालो. "बिल्ल्याचं भोकही जुनं, भरून आलेलं. विमा काढताना लावला तोच हा. सालेमामदकाकांची मोरल. यात बघण्यासारखं काय आहे, बेन? करा सही."

"कापलं तिथे बघ."

"रक्त आहे. सुकलंय. कान कापल्यावर काय गुलाबपाणी येणार?"

त्या हसल्या नाहीत. कडेचे केस रक्तानं चिकटून काळे झाले होते, मिठाखालीही खपली लागत होती. बेननी कान पुन्हा नीट बांधला.

"मला ही म्हैस बघायची आहे."

"बेन, ती मेली आहे."

"म्हणूनच बघायची आहे," त्या म्हणाल्या आणि जीपवाल्याला हाक मारली.

२

वाटेत मी गप्प बसणार नव्हतोच.

"तुम्ही सालेमामदकाकांना ओळखत नाही. आमच्या भागात दोघांत भांडण झालं की कोर्टात कुणी जात नाही, काकांच्या खाटेपाशी जातात. काका म्हणाले जमीन तुझी, तर ती त्याची. काका म्हणाले म्हैस मेली, तर मेली."

"ते म्हणालेत?"

"विचारा आणि ऐका."

"ठीक आहे. त्यांनी शब्द दिला आणि तो खरा ठरला, तर मी मुकाट्यानं सही करीन. पण खोटा ठरला तर?"

"तर मी या रस्त्याला पुन्हा तोंड दाखवणार नाही," मी तावातावानं म्हणालो. माझी चुलत बहीण मरियम त्या घरची सून होती. तिचं लग्न मीच जमवलं होतं, त्यामुळे तो टोमणा मला दुप्पट झोंबला.

भिरंडियाराच्या टपरीवर वेलजी भेटला. गुरांच्या दवाखान्यातला मदतनीस. मेलेलं जनावर पाहिल्याचा दाखला त्यानंच दिला होता. माव्याची पुडी उघडत तो मोठ्या रुबाबात बाकड्यावर बसला.

"पाहिली ना, बेन! चांगली मेलेली होती."

"जवळ जाऊन पाहिलीस?"

"तिसरा दिवस होता. वास असा, की मी थांबवायच्या आत मोटारसायकलच मागे वळली."

"तोंड पाहिलंस?"

"तोंडावर अजरखाचं कापड होतं. इशाकनं घातलेलं. घरची लाडकी ना ती." इशाक म्हणजे काकांचा मुलगा, मरियमचा नवरा. वेलजीनं मोबाइलमधला त्या दिवशीचा फोटो दाखवला. वेड्या बाभळीच्या काठाला म्हैस आडवी पडलेली आणि डोकं शिंगांसकट लाल-निळ्या कापडाखाली.

"आणि कान?"

"एक कापलेला होता. कापडातून ती बाजू तेवढी उघडी दिसत होती."

"तिथे रक्त होतं?"

वेलजीनं मावा गालात सारला आणि फोटो मोठा करून बघितला. "रक्त? नाही बेन. चामडं कापल्यासारखं स्वच्छ होतं."

"दाखल्यावर मात्र तू लिहिलंस, जनावर ओळखून पाहिलं."

वेलजी बाकड्यावरून उठला आणि उगाच मोटारसायकलची काच पुसायला लागला. आम्ही निघालो तेव्हा त्यानं आमच्या चहाचे पैसे द्यायला बघितलं. बेननी ते घेऊ दिले नाहीत. मला वाटलं, वेलजीच्या आळसाचा गुन्हा निघाला, आता परत फिरायला हरकत नाही. जीप मात्र वांढीकडेच गेली.

३

"जुसब आलास का? चपला घासत चालायची खोड काही गेली नाही तुझी."

सालेमामदकाका खाटेवर बसले होते. त्यांचा एक डोळा फार पूर्वी गेलेला, दुसऱ्याचं भूजला ऑपरेशन झालेलं. जखमेत पाणी झालं म्हणून पट्टी अजून सुटली नव्हती, मधले बरेच दिवस ते मुलीकडे भूजलाच राहिले होते. मोरल गेली ती त्याच दिवसांत. त्यांच्या गुडघ्याला टेकून तिचं पारडू उभं होतं आणि काकांचा हात त्याच्या मानेवर होता.

"बेन आल्यात, काका. विम्याच्या."

"या बेन, बसा. मरियम, चहा टाक! बेन, माझ्या मोरलला तुम्ही पाहिलं असतं तर... शिंगाला दोन पूर्ण वेढे. डाव्या शिंगाला एक बारीक चीर, लहानपणी विहिरीच्या काठावर आपटली तेव्हाची. बरं झालं डोळे बांधून भूजला होतो. तिला पडलेली बघायला नको होतं मला."

त्यांचा आवाज दाटला. मी बेनकडे रागानं पाहिलं. बेन पारडाकडे बघत होत्या.

"याला काय पाजता?"

उत्तर इशाकनं दिलं. तो तिशीचा, उंच, हसरा गडी. त्या दिवशी मात्र तो मातीशी बोलावं तसा खाली बघून बोलत होता. "ताक. भाकरीचा चुरा. दुसऱ्या म्हशींचं थोडं देतो."

"अंग चांगलं धरलंय."

"आईविना वाढतोय बिचारा," काका म्हणाले. "खुदाची मेहेर."

संध्याकाळी धारांची वेळ झाली. आमच्या म्हशी रात्रभर चरायला एकट्या जातात आणि उजाडता उजाडता आपल्या आपण घरी येतात. त्यांच्यामागे कुणी जात नाही. त्या चरायला जाण्याआधी मरियम धारेसाठी एकेकीला नावानं हाक मारत होती. "ए शेणी!" म्हटलं की घोळक्यातून फक्त शेणी बाहेर यायची. "ए लाखी!" म्हटलं की लाखी. बेन लहान मुलीसारख्या बघत उभ्या राहिल्या.

"कमाल आहे. आणि मोरलला कशी हाक मारायचीस?"

मरियमचे हात थांबले.

"तशीच," ती म्हणाली.

"एकदा मारून दाखव की. मला ऐकायचीय."

"मेलेल्याचं नाव घेत नाहीत," मरियम म्हणाली. धार अर्धी टाकून, भांडं उचलून ती भुंग्यात, म्हणजे आमच्या गोल मातीच्या घरात, निघून गेली.

आमच्यात अशी काही रीत नाही. आम्ही मेलेल्यांची नावं उलट जास्तच घेतो. पण दुःखात माणूस आपली रीत आपणच तयार करतो, असं मी मनाशी म्हटलं. बेननी मात्र मला हळूच विचारलं, "जुसबभाई, तुझी बहीण रडली का रे?"

"रडली असेल आत जाऊन."

"नाही. ती घाबरली," बेन म्हणाल्या.

४

अंधार पडायच्या आत वांढीतली माणसं जमली. कंपनीची बाई काकांच्या दारात आली आणि शंका काढते आहे, ही बातमी माझ्याआधीच सगळीकडे पोचली होती. बेननी कागद मांडीवर घेतला आणि पेनाचं टोपण काढलं.

"काका, मी तुम्हालाच विचारते. मोरल मेली?"

इशाक मध्येच बोलला, "अब्बा तेव्हा इथे नव्हते, बेन. मला विचारा ना."

"थांब," काका म्हणाले. "बाहेरच्या बाईनं घरच्या वडिलधाऱ्याला विचारलंय." ते उठले. पट्टी बांधलेला चेहरा त्यांनी माणसांकडे वळवला आणि पारडाच्या डोक्यावर हात ठेवला. "मोरल माझ्या घरी मेली. हा सालेमामदचा शब्द."

माझी छाती फुगली. मी इशाककडे बघितलं, तर तो घामानं भिजला होता.

बेननी टोपण पुन्हा पेनाला लावलं.

"शब्द मी घेतला, काका. सही सकाळी करीन. मला म्हशी घरी येताना बघायच्यात."

लोकांत कुजबुज झाली. एवढा अपमान काकांच्या दारात कुणी केला नव्हता. मला तर जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

"बेन, इथे विंचू फार," इशाक घाईनं म्हणाला. "भूजला चांगली हॉटेलं आहेत. जीपनं झटकन पोचाल."

"विंचवांना माझी सवय आहे. आणि इशाकभाई, पहाटेचा चहा तुझ्या हातचा प्यायचाय मला. चुलीपाशी माझ्या शेजारीच बसून कर. कुठे जाऊ नकोस."

हे त्या इतक्या गोडीनं म्हणाल्या की नाही म्हणायला जागाच उरली नाही.

५

फटफटायला लागलं तेव्हा आम्ही चुलीभोवती बसलो होतो. काका खाटेवर, पारडू खुंट्याला, मरियम दारात. इशाकचा चहा उतू गेला तरी त्याचं लक्ष नव्हतं. तो सारखा उगवतीच्या बाभळीकडे बघत होता. पारडूही तिकडेच तोंड करून दावं ताणत होतं.

"एरवी तू या वेळी उठून कुठे जातोस?" बेननी विचारलं.

"कुठे नाही."

"जातोस. पारडाला घेऊन. काका उठायच्या आत परत येतोस. ताकावर आणि भाकरीच्या चुऱ्यावर पारडाच्या अंगाला अशी चमक येत नाही, इशाकभाई. हे आईचं दूध आहे."

"बेन!" मी ओरडलो.

"ऐक जुसबभाई. मेलेल्या जनावराचा कान कापला तर रक्त वाहत नाही. वेलजीनं आपल्याला तेच सांगितलं, त्या म्हशीच्या डोक्याशी रक्ताचा टिपूस नव्हता. आणि आपल्याकडे आलेला कान रक्तानं माखलेला होता. म्हणजे कान दोन आहेत. मेलेली म्हैस एक, आणि हा कान जिचा ती दुसरी. बिल्ला खरा आहे, भोक जुनं आहे, म्हणून कान मोरलचाच. तो कापला तेव्हा तिचं काळीज चालू होतं. फोटोत कापड घातलं ते प्रेमानं नव्हे, शिंगं झाकायला. डाव्या शिंगाला चीर नाही हे बघून साऱ्या वांढीनं ओळखलं असतं, ही मोरल नव्हे."

"खोटं आहे," काका म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, पण रागानं. "बेन, तुम्ही माझ्या घरात बसून माझ्या मुलाला खाटीक म्हणताय."

"काका, काल मी तुमच्या सुनेला मोरलच्या नावानं हाक मारायला सांगितलं. तिनं मारली नाही. म्हैस मेली असती तर हाक मारायला कसली भीती? ती कुठेतरी ऐकण्याएवढ्या अंतरावर असेल, तरच हाकेची भीती वाटते."

काका उठून उभे राहिले.

"मी मारतो हाक. आणि मग कोण येतं ते सगळ्यांनी डोळे उघडे ठेवून बघा. त्यानंतर ही बाई माझ्या दारातून उठेल."

"नको, अब्बा!" मरियम किंचाळली.

पण काकांना स्वतःचा शब्द राखायचा होता. त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि वेड्या बाभळीच्या दिशेनं, मेलेल्या जिवाला मारावी तशी नाही, रोजच्यासारखी मोकळी हाक मारली.

"ए मोरल! ए मोऽरल!"

बाभळीतून हंबरडा आला.

६

शेजारच्या वांढीच्या घोळक्यातून ती एकटीच आली. तिथे दिलेल्या इशाकच्या दुसऱ्या बहिणीच्या म्हशींत इशाक-मरियमनं तिला ठेवली होती. आज तिला वाटेत अडवून परतवायला कुणी नव्हतं. काटे मोडत, कासेतून दूध ठिबकत, ती अंगणातून सरळ काकांकडे गेली. काकांची हाक ऐकून वांढीतली माणसं जमली होती. सगळ्यांना ती आधी दिसली, आणि ज्यानं शब्द दिला होता त्याला सगळ्यात शेवटी कळली.

काकांचा हात शिंगावर गेला. एक वेढा, दुसरा वेढा, डाव्या शिंगावरची चीर. त्यांचा चेहरा एकदम उजळला. शब्द, सही, बाई, सगळं ते क्षणभर विसरले. "माझी पोर," ते म्हणाले आणि कान कुरवाळायला हात खाली आणला.

तिथे कान नव्हता. अर्धवट भरलेली, खरखरीत कड होती. मोरलनं डोकं झटकन मागे घेतलं.

काकांचा हात तसाच हवेत राहिला. आम्ही सगळे जमिनीकडे बघत होतो. माझ्या अंगावर एवढी लाज कधी चढली नव्हती. कपडे असून नागडा असल्यासारखा मी तिथे उभा होतो.

"कुणी?" काकांनी विचारलं.

"मेली ती आपली काबर, अब्बा," इशाक खाली बसला. "वेड्या बाभळीच्या शेंगा खाऊन पोट फुगलं तिचं. तुम्ही भूजला होतात. तिचा विमा नव्हता, आपण फक्त मोरलचा काढला होता. मला वाटलं, म्हैस तर मेलीच आहे ना घरातली. एकीच्या जागी दुसरी. कुणाचं काय जातं?"

"मी कान विचारला."

"मी कापला."

"तू कसा कापशील? ती तुला अंगाला हात लावू देत नाही."

इशाकनं दाराकडे बघितलं. दारातून मरियम बोलली.

"मी हाक मारली, अब्बा. ती आली. रोजच्यासारखं डोकं माझ्या मांडीवर ठेवलं. मी धरून ठेवली." मग ती माझ्याकडे, आपल्या भावाकडे, वळली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "अदा, तूच सांगितलं होतंस ना, बिल्ला असलेला कान लागतो."

विमा कसा मिळतो ते मी सगळ्यांना पाठ करून घेतलं होतं, तो कशासाठी असतो ते सांगायची मला कधी आठवण झाली नाही.

काका चाचपडत खाटेपाशी गेले, पण खाटेवर बसले नाहीत. ज्या ठिकाणी भांडणं घेऊन आलेले लोक बसतात, तिथे खाली जमिनीवर बसले.

"बेन, लिहा. सालेमामदनं खोटा शब्द दिला."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं, काका."

"ठाऊक करून घ्यायला हवं होतं. आईविना पारडू अंग धरतंय, आणि मी खुदाचे आभार मानत बसलो. डोळे बांधलेले होते, हात तर मोकळे होते ना माझे?"

बेननी पेनाचं टोपण काढलं. "पैसे अजून कुणी घेतलेले नाहीत. मी घडलं तसंच लिहीन, इशाकभाई. आणि खाली लिहीन की घरच्यांनी दावा स्वतः मागे घेतला. वेलजीचं वेगळं लिहीन. पुढचं कंपनी ठरवेल."

इशाकनं मान हलवली. काका वांढीच्या माणसांकडे वळून म्हणाले, "यापुढे कुणाचंही जनावर मेलं तर कान कापायच्या आधी शेजाऱ्यांना बोलवा. तोंड उघडं ठेवून दाखवा. हा शब्द..." ते तिथेच अडखळले. "शब्द नव्हे. विनंती समजा."

ते ऐकवेना. माणसं एकेक करून निघाली. जाताना सलाम करावा की नाही, हे कुणाला सुचत नव्हतं.

मोरल अंगणात तटतटलेली उभी होती. पारडू दावं तोडायला आलं होतं.

"धार काढ," काका म्हणाले.

"अब्बा, मी नाही..." मरियम म्हणाली.

"दुसऱ्या कुणाला ती पान्हा सोडत नाही. जनावराला का त्रास? मार हाक."

मरियम भांडं घेऊन खाली बसली. तिनं दोनदा तोंड उघडलं, आवाज आला नाही. तिसऱ्यांदा आला तो जेमतेम तिला स्वतःला ऐकू जाईल इतकाच.

"ए मोरल."

मोरल वळली. आम्ही सगळे बघत होतो आणि मनातून म्हणत होतो, जाऊ नकोस. ती गेली. मरियमपुढे उभी राहिली, मान खाली घातली आणि कापलेल्या कानाची बाजू तिच्या मांडीवर टेकवली.